घर चाकांवर, पाणी नांदुऱ्याचं

बेड आहे, किचन आहे, शॉवरसुद्धा आहे. मग वाटेतल्या अनोळखी माणसाची गरज कशाला पडेल? पुण्याहून अकोल्याला निघालेल्या आमच्या कॅम्परव्हॅनला याचं उत्तर बुलडाणा जिल्ह्यात मिळालं.

गुजरातकडून ओडिशाकडे माल नेणाऱ्या एखाद्या ट्रकवाल्याला नांदुरा विचारा. गावाचं नाव त्याच्या लक्षात असेलच असं नाही, पण ‘वो बडे हनुमानजी?’ असं तो नक्की म्हणेल. हायवेलगतची ही मूर्ती १०५ फूट उंच आहे. म्हणजे आपल्या आयटी पार्कमधली दहा मजली बिल्डिंग समजा. देशात आता याहून उंच मारुती आहेत. आंध्रात परिताला इथे २००३ मध्ये उभा राहिलेला तर १३५ फुटांचा आहे. पण विदर्भाच्या सपाट काळ्या रानात लांबूनच डोकं वर काढणारा हा पांढरा हनुमान दिसला, की फूटपट्टी काढायचं कुणाच्या मनात येत नाही.

ज्या रस्त्यावर तो उभा आहे, त्याला आपण शाळेत एनएच-६ म्हणायचो. आता तो एनएच-५३. सुरतेजवळच्या हजिऱ्याहून निघतो आणि धुळे, जळगाव, मलकापूर, नांदुरा, खामगाव, अकोला, अमरावती, नागपूर असं करत थेट पारादीप बंदर गाठतो. जून २०२२ मध्ये याच रस्त्याच्या अमरावती-अकोला पट्ट्यात एका लेनचं सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि ते गिनीज बुकात गेलं. १०५ हा आकडा या रस्त्याला लाभतो बहुतेक! ज्यांना आणखी घाई असते ते आता समृद्धी महामार्गाने जातात. तो बुलडाणा जिल्ह्यातून जातो, पण पार दक्षिणेकडून, सिंदखेड राजा-मेहकरच्या बाजूने.

थोडक्यात काय, रस्ते सुसाट झालेत आणि बहुतेकांचं नांदुरा म्हणजे धावत्या गाडीतून हनुमानाचा एक फोटो आणि टाटा. आमचा प्लॅनही तेवढाच होता. प्रत्यक्षात आम्ही तिथे दीड दिवस राहिलो. कारण? अर्ध्या इंचाचा एक पाइप.

हौसेने बेघर

आधी गाडीची ओळख. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. आमचं घर म्हणजे एक जुनी ट्रॅव्हलर आतून पार बदलून केलेली कॅम्परव्हॅन. चार बर्थ, दोन शेगड्यांचा ओटा, गुडघ्याएवढा फ्रीज, छतावर सोलर, मागच्या कोपऱ्यात टॉयलेट-कम-शॉवर आणि खालच्या बाजूला शंभर लिटरची पाण्याची टाकी. पॅसेंजर चार: एक एचआरवाली, एक टेस्टर, एक सीए आणि मी, म्हणजे दिवसभर प्रेझेंटेशनं करून संध्याकाळी डोळ्यांत थेंब घालणारी. निमित्त होतं टेस्टरच्या चुलतभावाचं अकोल्यातलं लग्न. एप्रिलमध्ये अकोला! लोक हिमाचलला जातात, आम्ही भट्टीकडे निघालो होतो.

व्हॅनच्या माहितीपत्रकात एक शब्द पुन्हा पुन्हा होता, ‘सेल्फ-कंटेन्ड’. म्हणजे कुणाकडे काही मागायला नको. आपल्या पिढीचा हा लाडका फंडा आहे, नाही का? जेवण ॲपवर, रिक्षा ॲपवर, पत्ता मॅपवर. अख्खा दिवस अनोळखी माणसाशी एक वाक्यही न बोलता जातो आणि आपण त्याला सोय म्हणतो. व्हॅन म्हणजे त्याच सोयीला लावलेली चार चाकं.

महाराष्ट्र सरकारनेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. अशा गाड्यांना उभं राहायला पाणी, वीज, सांडपाण्याची सोय असलेल्या खास जागा, अशी त्यातली कल्पना. आमच्या वाटेवर अशी जागा काही लागली नाही.

आणि खरं सांगायचं तर चाकांवरचं घर आपल्याला नवं कुठे आहे? गाडिया लोहारांच्या कितीतरी पिढ्या बैलगाडीत वाढल्या. ऊसतोडीच्या सीझनला कुटुंबंच्या कुटुंबं संसारासकट निघतात. ट्रकची केबिन आठवा. मागे झोपायची फळी, समोर देव, खालच्या पेटीत स्टोव्ह आणि कुकर. २०२१ मध्ये ऑस्कर पटकावलेला ‘नोमॅडलँड’ पाहिला असेल तर अमेरिकेतही व्हॅनमध्ये राहणारे सगळेच हौशी नसतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. आम्ही चौघं मात्र चार दिवसांसाठी हौसेने बेघर झालो होतो.

निघताना सीएने मोबाइलवर खर्चाची शीट उघडली. डिझेल, टोल, भाडं, खाणं आणि ‘इतर’. ही शीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अर्ध्या इंचाचा पाइप

बुलडाणा शहर डोंगरावर आहे. तिथून राजूर घाट उतरला की मोताळा आणि मग नांदुरा. घाटात मागून खडखड ऐकू आली, पण व्हॅनमध्ये भांडीकुंडी असल्यावर खडखड ही होणारच. नांदुऱ्याच्या अलीकडे एका टपरीवर चहाला थांबलो तेव्हा गाडीखाली ओल दिसली. टाकीची नळी फाटली होती आणि शंभर लिटर पाणी रस्त्याला शिंपडत शिंपडत संपलं होतं. दुपारचे तीन. पारा ४२. ज्याच्याकडून व्हॅन घेतली त्याचा फोन लागेना.

टपरीशेजारी पंक्चरचं दुकान होतं. चार बांबू, वर हिरवी नेट, एक काँप्रेसर आणि पाण्याचं टब. विशीतला एक मुलगा कुणी न बोलावता उठून आला, पाठीवर सरपटत गाडीखाली गेला आणि दोन मिनिटांनी तसाच बाहेर आला.

‘‘नळी गेली ताई. क्लॅम्पनं नाही भागत. थांबा.’’

बाइकला किक मारून तो गावात गेला. परत आला तो ठिबकच्या दुकानातून काळ्या नळीचा हातभर तुकडा आणि दोन जॉइनर घेऊन. शेतात कपाशीला पाणी देणाऱ्या नळीने आमचा शॉवर दुरुस्त झाला. पाऊण तास तो गाडीखाली होता. सीएने फोन काढून विचारलं, ‘‘किती झाले? यूपीआय चालेल?’’

‘‘नळीचे चाळीस.’’

‘‘आणि कामाचे?’’

‘‘कामाचे काहून? पंक्चर थोडंच काढलं मी!’’

या लॉजिकला आमच्यापैकी कुणाकडेही उत्तर नव्हतं. पंक्चर हा त्याचा धंदा, त्याचे तो पैसे घेतो. हे कामच नाही, तर बिल कशाचं? सीएने ‘इतर’मध्ये ४० लिहिले आणि बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला.

टाकी दुरुस्त झाली, पण रिकामी. नळ आज नाही, परवा आला तर, असं कळलं. उन्हं उतरल्यावर गाडी कुठे लावायची हाही प्रश्नच होता. पंक्चरवाल्याने फोन लावला. ‘‘मामा, पुन्याचे लोक हायेत. दोन ताया, दोन भाऊ. गाडीतच झोपतात म्हने.’’ पलीकडून बहुधा ‘गाडीत काहून?’ असं आलं असावं, कारण तो आमच्याकडे बघून हसला आणि म्हणाला, ‘‘शौक हाय त्यायले.’’

‘गॅस पेटवाचा नाही’

मामा एका जिनिंगचे वॉचमन होते. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. कापसाचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळा लागता लागता संपतो. त्यामुळे एप्रिलमध्ये ते भलंमोठं आवार रिकामं होतं.

‘पाहुण्यांसाठी दारं सताड उघडी’ वगैरे सिनेमातला सीन इथे झाला नाही बरं का. फाटकाबाहेरच पंधरा मिनिटं इंटरव्ह्यू झाला. कोण? कुठले? आडनाव? लग्न कोणाचं? मुलगी कुठली? अकोल्यात कोणत्या हॉलमध्ये? मग चौघांच्या आधारकार्डांचे फोटो, गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो, सगळं शेठच्या व्हॉट्सॲपवर. एचआरवाली माझ्या कानात म्हणाली, ‘‘आमचं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन इतकं कडक नसतं गं.’’ दहा मिनिटांनी शेठचा होकार आला आणि मामांनी फाटक उघडलं. त्याबरोबर एक अट.

‘‘गॅस पेटवाचा नाही. सिगारेट नाही. उदबत्तीबी नाही.’’

कारण साधं होतं. जिनिंगमध्ये कोपऱ्याकोपऱ्यात रुईचे तंतू साचलेले असतात. एक ठिणगी पडली तर संपलं. म्हणजे आमचा दोन शेगड्यांचा ओटा, त्यावरचा पास्ता, हर्ब्सच्या बाटल्या, सगळं शोभेपुरतं. बिस्किटांवर रात्र काढायची मनाची तयारी झाली.

आठच्या सुमारास फाटकाजवळच्या खोलीतून मामी आल्या. डोक्यावर टोपली, हातात कासांडी. ज्वारीच्या भाकरी, पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदे आणि ताक. आम्ही संकोचलो तर म्हणाल्या, ‘‘चूल तं पेटलीच होती वो. चार माणसाचं पीठ जास्त मळलं, काय झालं?’’ भाकरी अठरा होत्या. सीएने मोजल्या. सकाळी टोपलीत एकही उरली नव्हती.

जेवणं झाल्यावर मामा खाटेवर बसले आणि आम्ही जमिनीवर. या भागाला बाहेरच्या माणसाची सवय जुनी आहे. १८६१ ते ६५ च्या अमेरिकेतल्या यादवीत तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या कापसावर पडली. पाठोपाठ १८६७ मध्ये भुसावळहून नागपूरपर्यंत रेल्वे पोचली. नांदुऱ्याच्या पुढचं जलंब स्टेशन आहे ना, तिथून खास खामगावच्या कापूसबाजारासाठी १८७० मध्ये वेगळा फाटा टाकला गेला. दलाल, हमाल, गाडीवान, व्यापारी, यात्रेकरू, कोण कोण इथून गेलं आणि कोण कोण इथेच राहिलं. कोण, कुठले, कुणाचे हे आधी नीट विचारून घ्यायचं आणि मग पाटावर बसवायचं, ही रीत अशा गावांना कुणी शिकवावी लागत नाही.

मामांना मात्र इतिहासापेक्षा २०२० आठवत होतं. लॉकडाऊनमध्ये मुंबई-सुरतेकडून निघालेली माणसं याच रस्त्याने छत्तीसगड, झारखंड, ओडिशाकडे चालत गेली होती. ‘‘त्यायच्याजवळ तं गाडीबी नव्हती पोरी. लेकरू खांद्यावर, चप्पल तुटेल. आमी इथं फाटकाबाहेर पान्याच्या कोठ्या भरून ठेवत होतो. कोनाच्या घरून भाकरी, कोनाच्या घरून खिचडी. तोंडाले रुमाल बांधून दुरूनच द्यायचं. भेव तं आमालेबी होतं.’’

मी विचारलं, ‘‘मामा, मग कुणालाही आत मुक्काम करू देता?’’

त्यांनी लगेच मान हलवली. ‘‘नाही बापा. जागा शेठची. लोहारायच्या गाड्या येतात, त्यायले आत नाही घेता येत. तुमची कार्डं हायेत, फोटो हायेत, लग्नाचा पत्ता हाय, म्हनून शेठ हाव म्हनले. त्यायचं कार्ड कोन पाह्यते?’’ थोडं थांबून म्हणाले, ‘‘पन पान्याले नाही म्हनत नाही. पान्याले कोन नाही म्हनते?’’

हे उत्तर मला आवडलं, कारण ते गुळगुळीत नव्हतं. अनोळखी माणसाच्या चांगुलपणाचे आपण फार गोड लेख लिहितो. पण तो सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. चकचकीत गाडी, आधारकार्ड आणि बरं आडनाव असलं की फाटक लवकर उघडतं. मामांना ते ठाऊक होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही. त्यांच्या हातात नव्हतं ते फाटक. त्यांच्या हातात होतं ते पाणी, आणि तिथे मात्र ते कुणाची चौकशी करत नव्हते.

प्यायचं का वापरायचं?

लग्न तिसऱ्या दिवशीचं होतं, त्यामुळे सकाळ मोकळी. बडे हनुमानजींच्या पायाशी उभं राहून मान दुखेपर्यंत वर पाहिलं. मग टेस्टरने पूर्णा नदी बघायचा हट्ट धरला, म्हणून जळगाव जामोदच्या रस्त्याला लागलो. टाकी अजून रिकामीच. जिनिंगच्या बोअरवर हातपाय धुतले होते तेव्हा साबणाला फेस आला नव्हता, तेवढं फक्त लक्षात होतं.

नदीच्या अलीकडे एका गावात लिंबाच्या सावलीला गाडी लावली. समोरच्या ओट्यावर एक आजी चिंचा फोडत बसल्या होत्या. मी गेले आणि म्हटलं, ‘‘आजी, थोडं पाणी मिळेल का?’’

त्यांनी वर बघून विचारलं, ‘‘प्याचं का वापराचं?’’

पुण्यामुंबईत कुणी असा प्रश्न विचारत नाही. आमच्याकडे पाणी म्हणजे पाणी. फार तर साधं की थंड, नाहीतर बिसलरी. इथे घराघरात पाण्याचे दोन हिशेब असतात, कारण आपण खारपाणपट्ट्यात उभे असतो.

हा पट्टा समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. पूर्णा नदी सातपुड्यात उगम पावते, पश्चिमेकडे वाहत येते आणि मुक्ताईनगरजवळ चांगदेवला तापीला मिळते. तिच्या खोऱ्यात गाळाचा खूप जाड थर साचला आहे. या गाळात क्षार आहेत आणि पाण्याचा निचरा नीट होत नाही, त्यामुळे ते क्षार धुऊन जात नाहीत. विहीर खोदा नाहीतर बोअर मारा, पाणी खारं लागतं. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा हा पट्टा आहे. नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर तालुक्यांतली कितीतरी गावं त्यात येतात. मूतखडा, किडनीची दुखणी हे शब्द इथे सर्दी-खोकल्यासारखे कानावर पडतात. गोड पाणी लांबून येतं, नळाने किंवा टँकरने, आणि ते जपून वापरावं लागतं.

आजींनी आतून स्टीलच्या कळशीतलं पाणी आणलं. चौघांनी दोन-दोन तांबे रिचवले. टेस्टर तो टेस्टरच, त्याने वापरायचं पाणीही चाखून पाहिलं आणि तोंड असं काही केलं, की आजी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

मग त्यांचा नातू आला. पदवी झालेला, मोबाइलमध्ये मान घातलेला, अगदी आपल्यातलाच. त्याला व्हॅन दाखवली. टाकी बघून तो म्हणाला, ‘‘आजी, यायची टाकी भरून द्याची का?’’ मी घाईघाईने म्हटलं, ‘‘नको नको, प्यायचं पाणी टाकीत नको.’’

‘‘प्याचं कोन देते!’’ आजी म्हणाल्या. ‘‘प्याचं टाकीत ओतलं तं संडासात जाईन ते. प्याचं बाटल्यात भरा, टाकीत वापराचं घ्या. मोटर लाव रे.’’

वॉटर मॅनेजमेंटवर आमच्या ऑफिसने एक अख्खा सेमिनार घेतला होता. त्याचं सार आजींनी दोन वाक्यांत सांगितलं. नातवाने मोटर लावून पाइपने टाकी भरून दिली. खाऱ्या पाण्याने, अगदी काठोकाठ. आमच्या सहा बाटल्या मात्र आजींनी स्वतः कळशीतून भरल्या. मी मनात मोजत होते. कळशी जवळजवळ संपली होती.

बोलता बोलता कळलं की गावावर आणखी एक टांगती तलवार आहे. नांदुरा तालुक्यातच पूर्णेवर जिगाव प्रकल्पाचं काम वर्षानुवर्षं चालू आहे. पाणी अडलं की शेतांना मिळेल, पण त्यासाठी काही गावांना उठावं लागणार आहे. ‘‘आमचंबी गाव उठते म्हनतात,’’ आजी ओटा पदराने झटकत म्हणाल्या. ‘‘म्हनून काय आलेल्याले पानी देऊ नये?’’ मग त्यांनी भास्कर पाटलाची गोष्ट सांगितली. गजानन महाराजांच्या पोथीतली, इथल्या प्रत्येकाला पाठ असलेली. अकोलीच्या शिवारात तहानलेल्या महाराजांना भास्कराने पाणी नाकारलं आणि महाराजांनी शेजारच्या कोरड्या विहिरीला पाणी आणलं, अशी ती कथा. आपल्याला त्यातला चमत्कार लक्षात राहतो. आजींच्या लेखी गोष्टीचा मुद्दा वेगळा होता. ‘‘पान्याले नाही म्हनला तो. इतकंच त्याचं चुकलं.’’

याच वऱ्हाडातले गाडगेबाबा. १९५६ मध्ये ते गेले, पण त्यांनी उभारलेल्या धर्मशाळा अजून लोकांच्या कामी येतात. भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी ही त्यांच्या दशसूत्रीची सुरुवात. इथे ती भिंतीवर रंगवलेली दिसते आणि एप्रिल-मेमध्ये रस्तोरस्ती लाल फडक्यात गुंडाळलेल्या रांजणांच्या पाणपोयांमध्येही दिसते.

निघताना मी नोट पुढे केली. आजींनी हात मागे घेतला. ‘‘पान्याचे पैशे? म्या काय दुकान काढलं?’’ मग नातवाकडे बघून म्हणाल्या, ‘‘हा जूनमंधी पुन्यालेच येऊन राह्यला. कंपनीत मिळते काही तं पाह्यतो म्हनते, नाहीतं ते पार्सल वाटाचं काम. तिथं मोठं गाव. तहानला तं पानी देजा त्याले.’’

‘‘देऊ की आजी,’’ मी म्हटलं.

आणि आपल्या गेटवर?

हे ‘देऊ की’ सोपं वाटतं, पण जरा उलटा प्रवास करून बघा. नांदुऱ्याहून एक टेम्पो निघाला, आत चार माणसं, पाणी संपलेलं, दुपारचे तीन. तो तुमच्या बाणेरच्या, ठाण्याच्या, पवईच्या सोसायटीच्या गेटवर थांबला. पुढे काय होईल? सिक्युरिटी विचारेल, ‘कुठल्या फ्लॅटला?’ उत्तर नाही, कारण कुठल्याच फ्लॅटला नाही. ॲपवर एंट्री होणार नाही, ओटीपी येणार नाही. ‘गाडी पुढे घ्या.’ बस्स, खेळ खल्लास.

यात सिक्युरिटीवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. फाटक त्याचं नसतं. मामांचंही नव्हतं. पण मामांच्या फाटकाबाहेर पाण्याची कोठी होती आणि आपल्या गेटबाहेर काहीच नाही. आमच्या सोसायटीत रोज कितीतरी पार्सलं येतात. भर उन्हात बाइकवर आलेली पोरं गेटवर फोन कानाला लावून उभी असतात. त्यांच्यात कोण नांदुऱ्याचा आहे, कोण नंदुरबारचा, आपल्याला काय ठाऊक?

मी आणि सीए एकाच सोसायटीत राहतो. परत आल्यावर आम्ही ग्रुपवर मेसेज टाकला: गेटबाहेर एक माठ ठेवू या, खर्च आमचा. पुढचे दोन दिवस करमणूक झाली. गर्दी होईल. डास होतील. ग्लास चोरीला जातील. लायबिलिटी कुणाची? एका काकांनी पाण्याचा टीडीएस विचारला, आणि तो टॅक्सचा नाही हे सीएला समजायला वेळ लागला. शेवटी सी विंगमधल्या एका साठीच्या काकूंनी लिहिलं, ‘आमच्या लहानपणी नगरला दारोदार रांजण असायचे, कुणी मेलं नाही.’ मग कमिटीने जूनअखेरपर्यंत ट्रायल म्हणून परवानगी दिली.

माठ सकाळी सातला भरतो. पहिल्या आठवड्यात दुपारी दोनपर्यंत रिकामा व्हायचा, आता सिक्युरिटीवाले दादा आपणहून दुपारी पुन्हा भरतात. ग्लास अजून दोन्ही जागेवर आहेत. जून संपताना ट्रायल वाढवायची की नाही यावर मीटिंग आहे. तोवर आजींचा नातू पुण्यात पोचलेला असेल.

ट्रिपचा हिशेब मात्र अजून जुळलेला नाही. सीएच्या शीटमध्ये ‘इतर’खाली नळी, चाळीस रुपये, अशी एकच ओळ होती. त्याखाली त्याने मुक्काम, भाकरी, ताक, पाणी, मोटरची वीज असं लिहून समोरचे रकाने कोरे ठेवले होते. माठ, स्टँड आणि ग्लास मिळून साडेसहाशे झाले, तेव्हा मी विचारलं, हे कुठे लिहायचं? त्याने शीटमध्ये एक नवी ओळ घातली, ‘नांदुरा, देणं बाकी’, आणि तिच्यासमोर लिहिलं: पहिला हप्ता, ६५०.

जाणार असाल तर...

कसं जाल? पुण्याहून छत्रपती संभाजीनगर, बुलडाणा, राजूर घाट, मोताळा असा रस्ता. अंतर चारशे किलोमीटरच्या वर, त्यामुळे एक मुक्काम धरा. रेल्वेने मुंबई-नागपूर मार्गावर भुसावळ, मलकापूरनंतर नांदुरा. सगळ्या गाड्या थांबत नाहीत, शेगावला उतरणंही सोयीचं.

काय पाहाल? १०५ फुटी हनुमान, जवळच शेगावला गजानन महाराजांचं समाधी मंदिर, खामगावची चांदीची बाजारपेठ. वेळ असेल तर चांगदेवचा तापी-पूर्णा संगम आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला लोणारचं सरोवर.

काय खाल? शेगावची कचोरी. न खाता परत आलात तर कुणाला सांगू नका. आणि कुठे ज्वारीची भाकरी-ठेचा समोर आला तर डाएट पुण्यात ठेवून या.

कधी जाल? नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. एप्रिल-मेमध्ये जायचं तर सकाळी अकराच्या आत गाडी सावलीला लावा.

व्हॅन नेणार असाल तर पिण्याच्या पाण्याचे दोन मोठे जार टाकीशिवाय वेगळे ठेवा. नळीचा हातभर तुकडा, दोन जॉइनर आणि क्लॅम्प टूलबॉक्समध्ये असू द्या. मुक्कामाला पेट्रोल पंप, ढाबा किंवा एखादं आवार, कुठेही आधी विचारा, कार्ड दाखवा, आग पेटवायची की नाही ते पक्कं करा. आणि गावात पाणी मागताना आपल्याला प्यायचं हवंय की वापरायचं, ते आधी सांगा.